निळेवाले

बत्तीस वर्षं मी गेटवर उभा होतो. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दरबान म्हणून लागलो आणि दरबान म्हणूनच रिटायर झालो. पास पाहायचा, खिसे चाचपायचे, काडीपेटी निघाली की काढून घ्यायची. त्यामुळे सिक्युरिटी म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये, असं माझं आजही मत आहे. तरीही त्या रविवारी मी जे करून बसलो, ते गेटवर एक दिवसही न काढलेल्या माणसानंही केलं नसतं.

माझी मुलगी प्रतिक्षा. एकुलती एक. चांगली बँकेतली नोकरी सोडून नागपुरात गिटार वाजवायला लागली. चार पोरं जमवून बँड काढला, त्याला नाव दिलं ‘रोवणी’. मी म्हणालो, धानाची रोवणी करायला बँड कायले पायजे, तुझी आजी चिखलात वाकून करत होती. ते शब्द तिला फार लागले. चौदा महिने आमचं बोलणं बंद. ती फोन करायची तो तिच्या आईला, तुळसाला, आणि मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचो.

मग जानेवारीत एक पाकीट आलं. आत कागदाच्या दोन निळ्या पट्ट्या आणि चिठ्ठी. भंडाऱ्याला, वरठी रोडवरच्या एका लॉनवर कार्यक्रम आहे, रविवारी चारला. पट्ट्या मनगटाला बांधून या. आईचं रोवणीचं गाणं म्हणणार आहे, पण बाबा आले तरच म्हणणार.

तुळसा ते गाणं लग्नाआधी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करताना म्हणायची. मी ते तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही. तिनं चिठ्ठी चार वेळा वाचून घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुमी नाही आले त पोरगी मुकी राहीन.” मी येतो म्हणालो. खरं सांगायचं तर पाकीट उघडलं तेव्हाच माझं ठरलं होतं, फक्त लगेच हो म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

आता कार्यक्रम कसला, तर तुळसानं फोनवर विचारलं होतं. ब्लूज रॉक. ब्लू म्हणजे निळं, एवढं इंग्रजी आम्हा दोघांनाही येतं. तुळसानं लगेच अर्थ लावला की पोरगी आपल्या वळणावर आली, भीमगीतांचा कार्यक्रम असणार, फक्त नवीन बाजाचा. तिनं क्वार्टरच्या जुन्या शेजारणींनाही तसंच सांगून टाकलं. मला थोडी शंका होती, पण सुखाची बातमी कोण उलटतपासतं? तुळसानं पांढरी साडी नेसली, मी पांढरा फुल शर्ट घातला आणि चौदा एप्रिलला घेतो तो निळा दुपट्टा खांद्यावर टाकला.

लॉनवर पोचलो तर सगळी काळी टी-शर्टं. केस वाढवलेली पोरं, केस कापलेल्या पोरी. बाबासाहेबांचा फोटो कुठंच नाही. मी एका पोराला विचारलं, बुद्धवंदना किती वाजता? तो म्हणाला, ओपनिंग बँड साडेचारला. मी मान हलवली, जणू सगळं समजलं.

गेटवर मात्र मला घरच्यासारखं वाटलं. दोन रांगा, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. मोबाईल जमा, टोकन घ्या. लायटर, पट्ट्याचे जाड बक्कल, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पुड्यांनी एक बादली अर्धी भरली होती, आणि पुडी जाणारच म्हणून रांगेतली पोरं ती एकदमच तोंडात कोंबत होती. नागपूरहून आलेला एक जण हुज्जत घालत होता की जगात कुठं असं तपासत नाहीत. मी त्याला म्हणालो, बाबू, तपासतात म्हणून तर तू शाबूत आहे. तुळसानं आणलेला चकल्यांचा डबाही काढून घेतला. तिला वाईट वाटलं, मला मात्र त्या पोरांचं काम आवडलं. तिची रांग लवकर सरकली आणि तिथल्या गार्डबाईनं तिचा हात धरून तिला आत नेलं.

माझ्या रांगेच्या तोंडाशी जो गार्ड होता त्याच्या छातीवर भूपेंद्र असं नाव होतं. बोलण्यावरून आपल्याच भागातला. तो माझ्याकडे पाहून मोठ्यानं बोलला, “निळेवाले या लायनीत नाही. निळेवाले अलग व्हा.”

मागची पन्नास डोकी माझ्याकडे वळली. माझा हात आपोआप खांद्यावरच्या दुपट्ट्यावर गेला. आमच्याकडे निळेवाले कोणाला म्हणतात, हे भंडारा जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, ती काय नातवानं अलग लायनीत उभं राहण्यासाठी? डोक्यात तिडीक गेली. तरी मी आवाज खाली ठेवून विचारलं, निळेवाले म्हणजे कोण?

“तुमीच ना काका,” तो म्हणाला. वर हसला.

“काहून अलग?”

“वरून ऑर्डर हाय. निळेवाल्याईले मांगच्या गेटानं न्यायचं.”

मागच्या गेटानं! मग मी कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हतो. बाही वर सारली, मनगटावरची पट्टी ओढून टरकन फाडली आणि त्याच्या खर्र्याच्या बादलीत फेकली. म्हणालो, तुमचं गाणं आणि तुमचं गेट तुम्हालाच लखलाभ.

भूपेंद्र बादलीकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “काका, हेच त निळी होती.”

मला काही कळेना. त्यानं मागच्या पोरांचे हात दाखवले. सगळ्यांच्या मनगटावर गुलाबी पट्ट्या. निळी पट्टी म्हणजे बँडच्या घरचे लोक. त्यांना मागच्या गेटानं स्टेजजवळ नेऊन पहिल्या रांगेत बसवायचं होतं. तपासणीसाठी मी आधीच हात वर केले होते तेव्हा बाही सरकून त्याला पट्टीचं टोक दिसलं होतं, दुपट्ट्याकडे त्यानं पाहिलंही नव्हतं. रंगावरून पास ओळखण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच हातावरच्या पासाला रंग आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

बादलीतून पट्टी काढली. दोन तुकडे, त्यांवर सुपारीचा चुरा. भूपेंद्र म्हणाला, फाटलेली पट्टी चालत नाही, नियम आहे. मी प्रतिक्षाचा बाप आहे, हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, असं सकाळपासून चार बाप सांगून गेले. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. केलंच होतं.

प्रतिक्षा नऊ वर्षांची असेल. मे महिना, मी घाईत डबा विसरलो होतो. ती क्वार्टरवरून चालत डबा घेऊन फॅक्टरीच्या गेटवर आली आणि सरळ माझ्याकडे यायला लागली. मी पांढऱ्या रेषेवर हात आडवा करून विचारलं, पास? तिला वाटलं बाबा खेळतात. ती म्हणाली, मी तुमची पोरगी ना. मी म्हणालो, “तिथंच थांब. सुट्टी झाली का येतो मी.” पाऊण तास ती उन्हात डबा धरून उभी होती. पुढं ही गोष्ट मी माझ्या इमानदारीचा दाखला म्हणून कोणाकोणाला सांगितली. पाहुणे हसायचे. प्रतिक्षा कधी हसली नाही, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा आठवलं.

आत वाजायला सुरुवात झाली. काय चाललं होतं ते मला खरंच समजत नव्हतं. गिटार कण्हल्यासारखी वाजायची, मग एकदम ओरडायची. पोरं ओरडायची. तुळसा आत, मोबाईल जमा, मी बाहेर, आणि मी आलोय हे प्रतिक्षाला ठाऊक नाही. म्हणजे गाणंही होणार नाही. मी भूपेंद्रला एवढंच म्हणालो की मला आत नको सोडू, पण मी आलो हे तिला कळव.

त्यानं बराच विचार केला. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरून बोलला, “एक निळेवाला भाहेर उभा हाय. पट्टी फाटली. गाणारीचे बाबा हाय म्हणते. आत घेत नाही, फकस्त सांगून ऱ्हायलो.” ते निळेवाला ऐकून या वेळी मला काहीच वाटलं नाही.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. आणि लाऊडस्पीकरवर माझ्या मुलीचा आवाज आला.

“बाबा, पास नाही ना? तिथंच थांबा. सुट्टी झाली का येतो मी.”

हजार माणसं हसली. कशाला हसली, त्यांनाही माहीत नसेल. ती रागानं बोलली की मायेनं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मग तिनं कोणाला तरी सांगितलं की एक बॉक्स गेटाकडं फिरवा. काळा मोठा स्पीकर दोघांनी ओढत वळवला आणि त्याचं तोंड माझ्यासमोर आलं.

“बांधीत पानी, पान्यात पाय, घरी जायाची येळ झाली काय.” तुळसाचीच चाल. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी गिटार उत्तर द्यायची, पलीकडच्या बांधीतल्या बाईनं द्यावं तसं. दुसऱ्या कडव्याला एक थकलेला, कापरा आवाज तिच्यात मिसळला. तुळसा होती ती. पहिल्या रांगेतून तिला माईक दिला असावा. मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पण ते पुन्हा ओलं झालं.

भूपेंद्रनं स्वतःची खुर्ची आणून माझ्यामागं ठेवली. अजून तासभर तरी चालेल, बसा काका, म्हणाला.

मी बसलो नाही. डबा धरून ती पाऊण तास उभी होती.