काचेआडचं बोलणं

आबांची दुपारची झोप मोडली ती खलबत्त्यातल्या बत्त्याने. तो दगडी बत्ता त्यांच्या लेकीने दोन्ही हातांत धरून स्वतःच्याच गाडीच्या मागच्या दाराच्या काचेवर हाणला होता. पहिल्या घावांना काचेने दादच दिली नाही. मग एक घाव कोपऱ्यात बसला आणि अख्खी काच भरड मिठासारखी सीटवर ओतली गेली. आबा पलीकडच्या बाजूला पाय पसरून पहुडले होते. अंगावरच्या चादरीवर दाणे टपटप पडले, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

“आग लागली का गं?” त्यांनी विचारलं.

लेकीच्या हातातून बत्ता गळाला आणि ती गॅरेजच्या फरशीवर मटकन बसली.

लेक भूल देणारी डॉक्टर होती. माणसाला झोपवायचं आणि काम झालं की सुखरूप जागं करायचं, यात तिची हयात चालली होती. गाडी तिने हौसेने घेतली होती. विजेवर चालणारी, गडद निळी, घोड्यासारखी उंच आणि मांजरासारखी मुकी. आत मऊ कातडी सीटा, वर काचेचं छत, आणि खिडक्यांना अशा जाड काळसर काचा, की दार मिटलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं व्हायचं. लेकीला ती गाडी चालवायला आवडायची. आबांना ती उभी असतानाच आवडायची.

त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आबांचं सगळं आयुष्य कापडगिरणीत मागावर गेलं होतं. गिरणी केव्हाच बंद पडली, पण तिचा आवाज आबांच्या कानात मुक्कामाला राहिला. घरात फ्रिज, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न यांच्या गर्दीत तो दबून जायचा, नुसता कुरकुर करायचा. गाडीत मात्र तो मोकळा व्हायचा. आबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले की आधी बारीक शीळ यायची, मग त्या शिळेतून एकेक माग सुरू व्हायचा, धोटे इकडून तिकडे पळायला लागायचे, आणि हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या धुळीतून समोरच्या मागावर त्यांची बायको दिसायची. डोक्याला फडकं बांधलेली, भुवयांवर पांढरं पांढरं साचलेली. ती वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तिथे ती कामावर हजर असायची.

गिरणीत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. म्हणून सगळे ओठांनी बोलायचे. आवाज न काढता, तोंड मोठं करून, शब्द चावून चावून. आबांचं लग्न त्या बोलीतच जमलं होतं आणि संसारातली निम्मी भांडणंही त्याच बोलीत झाली होती. लेक लहान असताना तिच्या देखत काही बोलायचं नसलं की दोघं जेवताजेवता ओठ हलवायची, आणि पोर चिडून ताट सरकवायची.

त्या दुपारी गाडी कसलंसं नवं सॉफ्टवेअर आपल्या पोटात भरून घेत होती. हे काम चालू असलं की ती बाहेरून कुणाला दार उघडत नाही, मालकिणीलाही नाही. लेक इस्पितळातून लवकर आली, घरात आबा दिसले नाहीत, म्हणून गॅरेजमध्ये गेली. काळसर काचेतून तिला एका बाजूला कललेली मान दिसली. तिने हाका मारल्या, फोनवरून दार उघडायचा प्रयत्न केला, काचेवर मुठी आपटल्या. मान हलेना. मग ती स्वयंपाकघरात धावली.

“अगं, दिवसभर लोकांना झोपवतेस,” आबा त्या संध्याकाळी तणतणत म्हणाले, “आणि बापाच्या घटकाभर झोपेवर तुझा डोळा?”

“लोक उठतात आबा! मी उठवते म्हणून उठतात. तुम्ही उठत नव्हता!”

“म्हातारा माणूस झोपला की झोपतो. त्याला काय फोडाफोडी करायची?”

ती उठून आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे गोळी घेतली का, दार लावलं का, इतकंच उरलं. दोघंही वाईट नव्हती. पण दोघंही एकाच मुशीतली होती, आणि आधी कुणी बोलायचं हा प्रश्न दोघांनाही जड होता.

खिडकीला लेकीने प्लास्टिकचा कागद चिकटवला. एकदा ती कामावर गेल्यावर आबा हळूच गाडीत जाऊन बसून आले. वाऱ्याने कागद फडफडत होता. माग काही सुरू झाले नाहीत. समोरच्या जागी कुणी आलं नाही. आबा बराच वेळ रिकाम्या सीटकडे बघत बसले आणि गुडघे धरून बाहेर आले.

नवी काच परगावाहून यायला वेळ लागला. ती आली त्या दिवशी लेकीला सुट्टी होती. काच बसवायला एक बाई आली. ठेंगणी, ठसठशीत, बाह्या दुमडलेल्या, अंबाड्यात पेन्सिल खोवलेली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, भोकात डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

“चोराने फोडली का?”

“मी फोडली,” लेक म्हणाली.

काचवालीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग पाणी द्या आधी मला,” ती म्हणाली.

लेक पाणी आणायला गेली ती तिकडेच फोनवर अडकली. आबा स्टूल घेऊन दाराशी बसले. काम बघायला मिळालं की ते खुलायचे. काचवालीने दाराचं आतलं अस्तर सोडवायला घेतलं. आधी लपलेले स्क्रू काढले, मग एक चपटी पट्टी फटीत सारून अस्तर उचकटलं, तशी एकेक क्लिप टक, टक करत सुटत गेली. आत एक पातळ पडदा होता, तो तिने साय काढावी तसा अलगद सोलला. दाराच्या पोटात फुटक्या काचेचे दाणे साठले होते. गॅरेजच्या झरोक्यातून तिरकं ऊन येत होतं, त्यात ते हिरवट निळे चमकत होते.

“सुंदर दिसतंय,” आबा म्हणाले.

“दिसतंय खरं. पण एक जरी दाणा राहिला ना काका, तर काच वरखाली होताना आयुष्यभर करकरेल.” तिने व्हॅक्यूम सुरू केला. गॅरेज घरघरून गेलं. त्या आवाजात तिने मान वळवून काहीतरी विचारलं, आणि आबांनी सवयीने उत्तर दिलं, “हो, लेकीकडेच असतो.”

तिने व्हॅक्यूम बंद केला. “ऐकू आलं तुम्हाला? मला माझंच आलं नाही.”

“ऐकू कुठलं यायला. ओठ दिसले.”

मग गिरणीचा विषय निघाला. काचवालीला गोष्टी ऐकायची आवड होती आणि तिचे हात बोलण्याने थांबत नव्हते. आबांनी तिला ओठांच्या बोलीतल्या खोड्या सांगितल्या. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग तर दिसतच नाहीत, घशातल्या घशात राहतात. “एकदा मुकादमाने लांबून सांगितलं, पगार आला. आमच्या खात्यातल्या एकाने वाचलं, मगर आली. आणि पठ्ठ्याने सगळ्यांना हातवारे करून सांगितलं की नदीचं पाणी आत शिरलंय म्हणून! निम्मी गिरणी टेबलांवर चढली.”

काचवाली इतकी हसली, की तिला हातातला पाना खाली ठेवावा लागला.

“आणि काकूंशी?” तिने डोळे पुसत विचारलं. “काकूंशी पण असंच?”

ऊन फरशीवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. आणि मग, जे लेकीला सांगितलं नव्हतं ते त्यांनी या परक्या बाईला सांगितलं. गाडीत आपण कशासाठी झोपतो ते. आणि त्या दुपारचं स्वप्न.

“ती समोर उभी होती. रोज कामात असते, त्या दिवशी माग सोडून आली होती. अगदी जवळ. आणि एकच शब्द परत परत म्हणत होती. उघडा. उघडा. तिचा चेहरा असा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी विचारत होतो, अगं काय उघडू? आणि तेवढ्यात सगळं फुटलं.”

काचवालीने दोन रबरी चकत्या नव्या काचेला चिकटवल्या, काच उचलली, तिरकी केली आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी दाराच्या फटीत सोडली. खाली पकडीत बसली की नाही ते हात घालून चाचपलं. मग नट आवळता आवळता ती म्हणाली, “लेकीला सांगितलंत हे?”

“तिला काय सांगायचं? म्हणेल, म्हाताऱ्याला भास होतात. गोळी वाढवेल.”

अस्तर पुन्हा बसलं. काचवालीने बटण दाबून काच तळापर्यंत नेली, वर नेली, वर गेल्यावरही बटण धरून ठेवलं. नव्या काचेची हद्द मोटारीला अशी शिकवावी लागते, ती म्हणाली. एवढ्यात लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली, उशीर झाला म्हणून ओशाळलेली.

“बरं झालं आलात,” काचवाली म्हणाली. “आता आवाजाची परीक्षा. रबर कुठे उघडं राहिलंय का ते आतूनच कळतं. मी आणि काका आत बसतो. तुम्ही बाहेर उभ्या राहा आणि जोरात ओरडा.”

“काय ओरडू?”

“काहीही. शिव्या घाला, पाढे म्हणा. फक्त कसर ठेवू नका.”

आबा मागच्या सीटवर नव्या काचेशी जाऊन बसले, काचवाली शेजारी. दार धप्पकन मिटलं आणि कापूस पसरला. बाहेर लेक काचेसमोर उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला. इस्पितळात तिचा आवाज कधी चढत नसे. ओरडायला सांगितलं तर काय ओरडावं हे तिला सुचेना, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने डोळे मिटले आणि ती बोलू लागली.

आत टिपूससुद्धा आलं नाही. काचवाली रबराशी कान नेऊन समाधानाने मान डोलावत होती. आबा मात्र पुढे वाकले होते.

लेक म्हणत होती, आबा. मग काहीतरी जे त्यांना वाचता आलं नाही. मग, तुमचा हात गार लागेल असं वाटलं मला. मग, रोज माणसं माझ्या हाताखाली असतात, कधी हात थरथरला नाही, त्या दिवशी बत्ता धरता येईना. शब्द निसटत होते. पण शेवटचं आबांना लख्ख दिसलं: मला एकटीला टाकून जाऊ नका ना. एवढ्यात नका.

आबांच्या नकळत त्यांचे ओठ हलले. आवाज न काढता, तोंड मोठं करून, शब्द चावून त्यांनी उत्तर दिलं. मी कुठे जातोय. इथेच आहे.

लेकीने डोळे उघडले. काचेआड बाप तोंड हलवताना दिसला. ती जवळ आली, कपाळ काचेला टेकवलं, भुवया उंचावल्या. काय? आबांनी परत म्हटलं. तिला काही कळलं नाही. तिला कशी कळणार ती बोली? घरात ती नवराबायको दोघांचीच होती आणि त्यातलं एक माणूस निघून गेलं होतं. आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या शांततेत ते पहिल्यांदा नीट उमगलं.

त्यांनी बटण दाबलं. नवी काच लोण्यातून सुरी जावी तशी खाली गेली.

“मी इथेच आहे,” आबा मोठ्याने म्हणाले. फारच मोठ्याने. गॅरेज दणाणलं.

लेक दचकली. “तुम्हाला ऐकू येत होतं?”

“ऐकू नव्हतं येत. दिसत होतं.” ते घुटमळले. “त्या दिवशी झोपेतही दिसत होतं गं. तू उघडा, उघडा म्हणत होतीस ना?”

“घसा फुटेस्तोवर.”

“पोचलं होतं. मला वाटलं, तुझी आई आहे.”

लेकीच्या चेहऱ्यावर आधी डॉक्टर आली, मग ती निघून गेली. तिने खिडकीतून आत हात घातला आणि बापाच्या खांद्यावर ठेवला. “आई दिसते तुम्हाला?”

“गाडीत दिसते. कामात असते.”

“आणि मी तिच्या अंगावर काच फोडली.”

“घाबरली नाही फारशी. तिचीच लेक आहेस, म्हणाली असेल.”

लेक हसली, आणि हसता हसता रडली. काचवाली मधल्या मध्ये अवघडून बसली होती. शेवटी ती पलीकडचं दार उघडून उतरली. “काच नीट उतरतेय,” ती आपल्या हत्यारांना उद्देशून म्हणाली आणि पिशवी भरू लागली. निघताना तिने आबांकडे वळून ओठांनी काहीतरी म्हटलं. आबांनी मान हलवून दाद दिली, पण काय म्हणाली ते लेकीला सांगितलं नाही.

ती गेल्यावर लेक गाडीत आबांच्या जागेवर बसली, तिने काच वर घेतली आणि आबांना बाहेर उभं केलं. शिकवा, ती म्हणाली. ऊन उतरेपर्यंत दोघांचा तो खेळ चालला. आबा बाहेरून ओठ हलवायचे, ती आतून वाचायची, काच खाली घेऊन उत्तर द्यायची, चुकायची, पुन्हा वर घ्यायची. चहा टाक म्हटलं तर तिने जहाज वाचलं. पहिल्या दिवशी तिला एकच शब्द बिनचूक आला, तो म्हणजे तिची आई तिला लहानपणी मारायची ती हाक. ढमे.

आबा अजूनही दुपारी गाडीत झोपतात. बायको कधी येते, कधी येत नाही. लेक लवकर घरी आलीच तर काचेवर बोटाने हलकेच टकटक करते आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत तिथेच थांबते.