ढिली स्प्रिंग

"आणखी एकदा ओढा, अंकुशदादा," मेघा म्हणाली.

नाकाला चिमटा लावलेल्या अंकुशने नळीतून जीव एकवटून श्वास आत ओढला. श्वासाचा जोर दाखवणारा पडद्यावरचा आकडा मागच्या वेळेपेक्षाही खाली थांबला.

धंतोलीच्या या दवाखान्यात तो आज ऐटीत आला होता. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने त्याचे पाय नेले होते, हातही जवळजवळ नेले होते. नंदनवनातल्या घरी तो दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा. मुलं फळ्यावर लिहायची, तो बोलायचा. मग वाक्याच्या मधेच दम तुटू लागला आणि उरलेलं वाक्य मुलं पूर्ण करू लागली. तेव्हा फिजिओथेरपिस्ट मेघाने त्याला एक छोटं यंत्र दिलं. आतली स्प्रिंग दबेल इतक्या जोराने श्वास ओढला, तरच त्याची झडप उघडते. आजार याने जाणार नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं; उरलेल्या स्नायूंना कामाला लावायचं, एवढंच. हल्ली झडप सहज उघडत होती. अंकुशने वर्गात फुशारकीही मारली होती.

मेघाने पिशवीतलं यंत्र काढून पाहिलं. स्प्रिंग आवळायची घुंडी सगळ्यात खालच्या खुणेवर होती.

अंकुशच्या बोटांना ती फिरवता येत नव्हती. घरी यंत्र त्याच्या तोंडाशी धरायची ती आईच.

"मीच ढिली केली," शेजारी बसलेल्या त्याच्या आई, इंदूबाई म्हणाल्या. "मानेच्या शिरा तटतट फुगत त्याच्या. मले पाहवत नव्हतं."

नव्या आकड्याप्रमाणे घुंडी कुठवर आवळायची, तिथे मेघाने पेनाने खूण केली. ती घुंडी फिरवणार, तोच अंकुश म्हणाला, "राहू द्या मॅडम. आई करन."

दोघं ऑटोने निघाले. घराजवळ आल्यावर इंदूबाईंनी शिकवणी बंद करायचं सुचवलं. किती दिवस असा जीव काढशील, मी आहो ना, असं म्हणाल्या.

"मले वाटलं, मी सुधरून राहिलो," अंकुश म्हणाला. "तू मले खोटंच जिंकवून राहिली होती वं आई. त्यापरीस हरू दे."

सकाळी इंदूबाईंनी यंत्र आणलं. चष्मा लावला, घुंडी खुणेपर्यंत आवळली आणि त्याला दाखवली. अंकुशने श्वास ओढला. झडप हलली नाही. पुन्हा ओढला. मानेच्या शिरा वर आल्या. इंदूबाईंचा हात घुंडीकडे गेला. अंकुश नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला. हात परत आला.

तिसऱ्यांदा झडप खडखडत उघडली.

जरा विसावा घेऊन त्याने वर्ग सुरू केला. "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा..." इथेच दम तुटला. पुढच्या रांगेतून लगेच आवाज आला, "बाकीच्या दोन..."

"थांबा गा," अंकुश म्हणाला. "मी सांगतो."

मुलं थांबली. यंत्र पदराने पुसत इंदूबाईही दारात थांबल्या. त्याने सावकाश श्वास घेतला.