बोलणी खाणारी खुर्ची

मी एक जुनी, फणसाच्या लाकडाची खुर्ची आहे. देवरूखच्या गंगाराम सुतारांनी मला घडवलं, तेव्हा माझा पिवळाधमक रंग पाहून येणारा-जाणारा हात फिरवून जायचा. आता मी काळपटले आहे आणि रत्नागिरीत योगिनीताईंच्या खोलीत असते. ताई समुपदेशक आहेत, म्हणजे मनाने खचलेल्या माणसांचं ऐकून घेतात. एका खुर्चीवर ताई बसतात, दुसरीवर आलेलं माणूस. तिसरी मी, कायम रिकामी!

मित्रांनो, मला भारी चौकशा. खुर्ची असून माझ्यावर कोणी बसत का नाही, हे मला कित्येक दिवस कळेना. त्यात आणखी नवल म्हणजे अनोळखी माणसं यायची आणि मला वाट्टेल ते बोलायची. कोणी आळशी म्हणे, कोणी कुरूप. अहो, मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? मला रागच यायचा.

उत्तर मिळालं ते महरीनमुळे. महरीन कपडे शिवते, नवरा फैझान कुवेतला असतो. ती बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली. तेव्हापासून साधा अर्जही शेजारणीकडून भरून घ्यायची. काही चुकलं की स्वतःच्या डोक्यात टपली मारून घ्यायची. एक दिवस तिच्या सात वर्षांच्या मनालचं गणित चुकलं. पोरीने तश्शीच टपली मारून घेतली आणि म्हणाली, "मी ढच आहे, कुणाच्या कामाची नाही." ते ऐकून महरीन हादरली आणि ताईंकडे आली. आपलं दुखणं पोरीला लागलं, हीच तिची धास्ती होती.

ताई म्हणाल्या, "त्या खुर्चीवर तुम्हीच बसलाय असं समजा. स्वतःला जे बोलता, ते तिला बोला."

"ढ आहेस तू," महरीन मला म्हणाली. "चारचौघांत तोंड उघडू नकोस. तुझी लाज वाटते सगळ्यांना."

तेव्हा मला कळलं, हे बोल माझ्यासाठी नव्हतेच कधी. माझा राग पळाला आणि फार वाईट वाटलं.

"आता तिथे मनाल बसलीय," ताई म्हणाल्या. "तिला हेच बोला."

महरीनने नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले. "तिला कशी बोलू, ताई? लेकरू आहे ते."

"आणि तुम्ही?"

त्या दिवशी ती डोळे पुसत उठून गेली. पुढे चार-पाच वेळा आली, एकदा नुसती रडली. मग एका सोमवारी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दोनदा नापास झालीस गो. झालीस, खरं आहे. अजून अर्ज बघितला की हात कापतात तुझे. कापू देत. मी नाही हाकलणार तुला. ये, बस."

आणि ती उठून माझ्यावर येऊन बसली. आधी टोकावर, मग पाठ टेकून.

परवा ती ताईंना सांगत होती, मनालच्या शाळेचा अर्ज तिने स्वतः भरला. एक रकाना चुकला. मनाल बघतच होती. महरीनने टपली मारली नाही. चुकलेलं खोडलं आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. पण चुकलात की स्वतःला काय बोलता, ते जरा ऐका. तुमच्या आतही कुणीतरी ते ऐकत बसलेलं असतं, आणि माझ्यासारखंच त्यालाही उठून जाता येत नाही.