ऐंशी अक्षरांवर तोडलेला कोश

सोमवारी सकाळी स्तामेनाने संगणकावर कोशाची फाइल उघडली आणि ती मटकन खुर्चीत बसली.

अकरा वर्षं ती रोदोपी डोंगरातल्या बोलीचा शब्दकोश करत होती. खेड्यांत जाऊन म्हाताऱ्यांच्या चुलीशी बसायचं, शब्द गोळा करायचे. एका शब्दाला एक ओळ: शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं नाव. काही ओळी हातभर लांब व्हायच्या. तिच्या पडद्याच्या कडेला आल्या की त्या आपोआप खाली वळायच्या, पण ते नुसतं दिसण्यापुरतं. आत ओळ अखंडच असायची.

आता समोर नुसते तुकडे होते. बकरीच्या घंटेखाली बाळंतिणीचा काढा, काढ्याखाली कुणाचं तरी अर्धं नाव.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. लुबेन दासकालोव वसंतातच इथे नेमले गेले होते. ते चीज भरलेली बानित्सा खात होते.

"फाइलीला कोणी हात लावला?"

"मी." लुबेननी बोटं पुसली. "अहो बाई, ओळी उजवीकडे पळतच सुटल्या होत्या. सरकवून सरकवून बोट दुखलं. उद्या राजधानीतून, सोफियाहून, मंडळी कोश बघायला यायची आहेत, म्हणून शुक्रवारी सगळ्या ऐंशी अक्षरांवर तोडल्या आणि अक्षरांच्या क्रमाने लावून दिल्या. कशा नेटक्या दिसतात!"

"तोडल्या, आणि वर क्रमाने लावल्या?"

"मग जोडा की परत! एखादं बटण असेलच."

"कुठला तुकडा कुठल्या शब्दाचा, हे त्या बटणाला कोण सांगणार? तुम्ही?" तिचा आवाज चढला. "पडद्यावर ओळ वळवायची सोय असते, साहेब. एवढंच करायचं होतं. विचारलं असतंत तर मी दोन मिनिटांत करून दिलं असतं!"

"आवाज खाली. जुनी प्रत असेल ना?"

कार्यालयातली राखीव प्रत शनिवारी आपसूक नव्याने घेतली गेली होती, म्हणजे तीही तुकड्यांचीच. स्तामेनाच्या घरची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. त्यानंतरचे बरेचसे शब्द वहीत होते. पण डोंगरातल्या एका खेड्यातल्या झ्लाता आजीने फोनवर सांगितलेले चाळीस शब्द तिने थेट फाइलीतच टाकले होते.

मंगळवारी पाहुण्यांसमोर लुबेन हसत म्हणाले, "संगणकात जरा बिघाड झालाय."

स्तामेना उभी राहिली. "बिघाड नाही. यांनी ओळी तोडल्या, मला न विचारता. अकरा वर्षांचं काम आहे ते."

लुबेन लालबुंद झाले. पाहुण्यांतल्या प्रमुख बाईंनी कॉफीचा कप बाजूला ठेवला. "यापुढे या फाइलीत बदल फक्त याच करतील. तसं लेखी द्या, दासकालोव."

त्यांनी लिहून दिलं. माफी मात्र मागितली नाही.

दुपारी तिने झ्लाता आजीला फोन लावला.

"एकदा सांगितले ना गं? कुणी हरवले?"

"आमच्या साहेबांनी."

"मग त्या मेल्यालाच पाठव माझ्याकडे!" आजी खेकसली. पण मग सांगायला लागली.

एकतीस शब्द तिला आठवले. उरलेले नऊ काही केल्या आठवेनात. स्तामेनाने फोन ठेवला. जिन्यात लुबेन समोरून आले, "नमस्कार बाई," म्हणाले. तिने मान फिरवली आणि खाली उतरून गेली.