अष्टमीचं पाणी

सगुणाच्या नवऱ्याला, विश्रामला, रानात मुक्काम करायचं खूळ होतं. कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात राबायचं आणि जोडून सुट्टी आली, की ताडपत्री बांधून निघायचं. त्या फाल्गुनात त्याने बायकोबरोबर सासऱ्यालाही उचललं. शहापूरच्या पुढे एसटी सोडून, पाय तुटेस्तोवर चालून तिघं नदीच्या एका वळणाशी आली. दोन्ही काठांवर पळस आणि पांगारा असा पेटला होता, की सगुणाची नजर ठरेना.

मुक्कामाची जागा मात्र सासऱ्याने, सगुणाच्या बापाने, धाकूने निवडली. धाकूचा सारा जन्म कल्याणच्या खाडीत होडी हाकण्यात गेलेला. काठावर काटे नि मुंगळे. त्याने सरळ नदीच्या मधोमध असलेल्या वाळूच्या उंचवट्याकडे बोट केलं.

"बाबा, पाणी वाढलं तर?" विश्रामने विचारलं.

"आज अष्टमी. भांग हाय, पानी कमी चढतं. पुनवेचं उधान असतं तर गोष्ट येगली. भांगाला भरती ती केवढी येनार?"

पाण्याच्या बाबतीत धाकूशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. विश्रामने मुकाट ताडपत्री ताणली आणि तो दूध, रात्रीपुरतं सरपण बघायला पाड्यावर गेला.

उन्हं कलली तेव्हा चुलीचा धोंडा भिजला. सगुणाने चूल वर सरकवली. दोन भाकऱ्या होतात न होतात, तो पाणी पुन्हा चुलीशी. आता ते गढूळ झालं होतं.

"बाबा, निघूया."

"बस गो. आता ओहोटी लागंल." धाकूने पाण्याच्या कडेला खुणेची काडी रोवली. काडी बुडाली. त्याने मागे सरून दुसरी रोवली.

तेव्हा कुठे सगुणाच्या डोक्यात उजेड पडला. बाप इथेही खाडीचाच हिशेब धरून बसला होता! समुद्र राहिला कुठच्या कुठे; इथे कसली भरती नि कसली ओहोटी?

"बाबा, हे पाणी वरून येतंय. खाडी नाय ही!"

"चांद सगल्या पान्याला येकच हाय," धाकू म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. दुसरी काडीही बुडाली.

एवढ्यात काठावर विश्राम धापा टाकत आला. "वरच्या धरणाचं पाणी सोडलंय! आधी बाहेर या!"

धाकूने ऐकलं. ऐकूनही हलला नाही. काठावर जाणं म्हणजे आयुष्यभराची अक्कल जावयासमोर पाण्यात सोडणं. त्यापेक्षा हा माणूस इथेच बसून राहील, हे सगुणाने ओळखलं. तिला त्याचा असा संताप आला, की बखोटीला धरून ओढावं. पाणी तिच्या घोट्यांवर चढलं. लहानपणापासून खाडीत डुंबलेली ती बाई एकदम गळा काढून ओरडली, "बाबा, मला भीती वाटते रे! मला एकटीला नाय जमायचं. तू ने मला!"

धाकूने तिच्याकडे पाहिलं. मग उठला आणि तिचं मनगट धरलं.

पाणी कमरेला लागलं, मग छातीला. धाकूच्या पायांना चिखलाची सवय. शेवाळलेल्या गोट्यांवरून तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा सगुणाने त्याला दंडाला धरून सावरलं, आणि तोंडाने मात्र "बाबा, सोडू नको मला" चालूच ठेवलं. शेवटी विश्रामने हात देऊन दोघांना वर ओढलं. मागे ताडपत्री सुटून वाहून गेली.

जीव भांड्यात पडताच विश्राम बायकोवर उखडला. "तुला काय अक्कल आहे की नाही? पाणी वाढताना दिसलं नाही? मधे बसून राहिलात ते!"

"माझंच चुकलं. मीच म्हटलं बाबांना, भाकऱ्या होऊ देत," सगुणा घाईघाईने म्हणाली.

"तिला नका बोलू, जावईबापू." धाकू खाली बसून धोतर पिळत होता. "जागा मी निवडली. तिनं दोनदा सांगितलं, मी आयकलं नाय." त्याने पिळलेलाच सोगा पुन्हा पिळला. "मला पानी कललं नाय."

पाण्यात सगुणा खोटं खोटं रडली होती. आता तिला खरंच रडू कोसळलं.