हनानच्या हातातली बाधा

खंडेनवमीची दुपार, शारजातल्या अल मजाजमधला शालिनीताईंचा फ्लॅट आणि त्यात मावतील त्याहून जास्त माणसं. टेबलावर एकाच मॉडेलचे जुने लॅपटॉप मांडलेले, त्यांना हळदकुंकू, कीबोर्डच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या. ऑफिसातून मिळालेली ही यंत्रं आमचं मंडळ सुदानमधून लढाईमुळे इथे आलेल्या मुलांना देणार होतं. पूजेशिवाय एकही द्यायचा नाही, हा ताईंचा हट्ट. त्या पूजेला त्यांनी गोपीनाथगुरुजींना बोलावलं होतं.

"प्रत्येक हाताचं व्हायब्रेशन वेगळं असतं," गुरुजी म्हणाले. "मशीनला ते कळतं. क्वांटम आहे हे."

क्वांटम म्हटल्याबरोबर आमच्या इंजिनियर मंडळींनीही माना डोलावल्या.

गुरुजींनी ताईंच्या वरदचं मनगट धरून त्याचा पंजा चालू लॅपटॉपच्या कोपऱ्यावर टेकवला. काहीच झालं नाही. मग सुदानहून आलेल्या अकरा वर्षांच्या हनानचा टेकवला आणि पडदा काळाठिक्कर पडला. हात उचलला, उजळला. पुन्हा टेकवला, पुन्हा काळा. खोलीत कुजबुज सुरू झाली.

"लढाईत मेलेल्यांची छाया आहे हिच्या हातात," गुरुजी म्हणाले. "आता सगळे लॅपटॉप दूषित झाले. मी घेऊन जातो, शुद्ध करून पाठवतो."

"घेऊन जा, खलास," मंडळाचा सेक्रेटरी यतीन म्हणाला. त्याला ही कटकट मिटवून जेवायला बसायचं होतं.

हनानला शाळेत जागा मिळाली नव्हती. सोमवारी तिचा ऑनलाइन वर्ग सुरू होणार होता, तो यातल्याच एका लॅपटॉपवर. आणि ती पोर दोन्ही हात फ्रॉकखाली लपवून बसली होती. मला भयंकर संताप आला. मी तिच्याशेजारी बसले आणि तिने काय पाहिलं ते इंग्रजीत विचारलं.

"ही हेल्ड वरद विथ हिज अदर हँड," ती पुटपुटली. "नॉट द ब्रेसलेट वन."

खरंच की. वरदला उजव्या हाताने, हनानला कडं घातलेल्या डाव्या हाताने.

"गुरुजी, कडं काढून एकदा करून दाखवता?"

"सिद्ध कडं आहे ते. उतरवलं तर अनर्थ होईल."

मी उठून ताईंच्या फ्रिजवरचं बिर्याणीवाल्याच्या जाहिरातीचं जाडजूड चुंबक आणलं, ताईंच्या मुठीत दिलं आणि त्यांची मूठ लॅपटॉपच्या त्याच कोपऱ्यावर ठेवली. पडदा काळा.

"ताई, तुम्हालाही बाधा झाली की."

मग सगळ्यांना समजावून सांगितलं. लॅपटॉपच्या झाकणात छोटंसं चुंबक असतं. झाकण मिटलं की खालच्या भागाला ते जाणवतं आणि पडदा बंद होतो. गुरुजींच्या कड्यात चुंबक होतं. बिचाऱ्या मशीनला वाटलं, झाकण मिटलं.

गुरुजींना अचानक दुबईतली दुसरी पूजा आठवली. ते रिकाम्या हातांनी निघाले; त्यांना कोणी थांबवलं नाही. ताईंनी हनानचे हात फ्रॉकखालून अलगद बाहेर काढले आणि आपल्या हातांत धरले.

"सो इट वॉजन्ट मी?" हनानने विचारलं.

एका मुलीला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लावली आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी, तीही पाच मिनिटांत. म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की करणाऱ्याचे दोन्ही हात नीट बघा, आणि जे एकदा घडलं ते तुमच्या अटींवर पुन्हा करून मागा. तो नाही म्हणाला, तर निदान कोणाच्या लेकराला दोष देऊ नका.