दिल्लीच्या बाईची ओटी

"थांब बाई, पदर पसर," असं म्हणत सारजाबाईनं नळाच्या रांगेतल्या त्या अनोळखी बाईच्या कपाळाला कुंकू लावूनही टाकलं.

बाई दचकली. "अरे, ये क्या?"

"वटी हाय. तुळजापूरच्या आईचा नारळ हाय. न्हाय म्हणू नगं."

गावच्या सोसायटीचे चेअरमन आबाराव मागनं ओरडले, "वहिनी, मोर्चा निघालाय! हितं दिल्लीत तुमचं काय हळदीकुंकू चाललंय?"

"तुमी व्हा म्होरं. आलेच."

तुळजापूर भागातल्या वाशीकडची माणसं रेल्वेनं इथवर आली होती. बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेलं तलावाचं काम बंद पडलं होतं, आणि मंजुरी दिल्लीत अडकलीय, एवढंच त्यांना सांगितलेलं. काम सुरू झालं तर सारजाबाई गावात राहणार होती. नाहीतर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं, आणि सातवीतल्या लेकीला, अयोध्याला, शाळा सोडायला लावून सोबत न्यायचं.

गावात पाटलाकडं काम असलं की बायका आधी पाटलीणबाईंना आडावर गाठायच्या. ओटी भरायची, हळूच शब्द टाकायचा. जेवताना तो पाटलाच्या कानावर जायचाच. आता सरकार दिल्लीत राहतं, म्हणजे दिल्लीच्या बाया सरकारच्या घरच्याच की! सारजाबाईचा हिशोब सरळ होता.

मुसलमान शेजारणीकडून शिकलेलं हिंदी तिनं बाहेर काढलं. "तुमारे सरकार कू बोलो ना बाई, हमारे तलाव का काम चालू करो बोलके."

त्या बाईचं नाव चमेली. ती आधी खूप हसली. मग तिनं मागची पत्र्याची झोपडी दाखवली. "वो मेरा घर. तोड़ने वाले हैं. सरकार को सड़क चौड़ी करनी है."

"तो बोलो ना उसकू! बाजू मेंच तो रहता."

"किसको बोलूँ? म्युनिसिपल कमेटी वाले कहते हैं सरकार से पूछो, सरकार वाले कहते हैं कमेटी से."

"आमदार कू बोलो."

"विधायक? दिल्ली में होता ही नहीं, बहन."

तेव्हा दिल्लीला विधानसभाच नव्हती, पण सारजाबाईला हे नवीन होतं. वाशीकडं आमदार आहे, आणि सरकार जिथं राहतं तिथल्या माणसांना नाही? हे कसलं घर?

"तुम्हारा है?" चमेलीनं विचारलं.

"हाय की."

"तो उसी को बोल देना मेरा." चमेलीनं नारळ कपाळाला लावला.

दुपारी सरकारी कचेरीच्या एका साहेबानं गेटातच मोर्चाचा अर्ज घेतला. आबाराव घाम पुसत परत आले. "म्हणत्यात, हे मुंबईचं काम हाय."

"आन् मुंबईवाले?"

"त्येंनीच तर हिकडं धाडलं!"

"मग दिल्लीत हाय तरी कोण?"

"मला तरी काय ठावं, वहिनी? चला, गाडी चुकंल."

दसऱ्याआधी आमदार गावात आले. सारजाबाई सभेत उठून उभी राहिली. "सायेब, दिल्लीत चमेली म्हणून एक बाई हाय. तिचं घर पाडाय लागल्यात. तिला आमदार न्हाय. तेवढं बघा."

मंडपात हशा पिकला. आमदारही हसले. "बरं मावशी, आणि तुमचं काम?"

"आमचं ते तलावाचं..."

"ते दिल्लीत हाय," आमदार म्हणाले, आणि हार घालून घ्यायला पुढं झाले.

दसरा झाला तसा ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. वारं लागू नये म्हणून सारजाबाईनं अयोध्याला मधे बसवलं आणि स्वतः कडेला बसली. ट्रक शाळेवरून गेला तेव्हा प्रार्थना चालू होती. अयोध्या ओठातल्या ओठात ती म्हणायला लागली, आणि शाळा मागं पडली तरी शेवटपर्यंत म्हणत राहिली.